दारातली खुर्ची

३ फेब्रुवारी

आमच्या घरात आता एकही दार लागत नाही, म्हणून लिहायला घेतलं. बोलायची सोयच उरली नाही. मी स्वयंपाकघरात शिंकले तरी पलीकडच्या खोलीतून मामा विचारतात, "सर्दी की राग?"

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. ह्यांचे मामा म्हणून माझेही मामा. वेड्यांचे डॉक्टर होते. लोक असं म्हणतात, पण त्यांच्यासमोर म्हणायची सोय नाही. "वेडा कोण? दाखव बघू," म्हणून हात धुऊन मागे लागतात. जन्मभर त्यांनी एकच लावून धरलं. वेड नावाचा आजार नसतो, आणि माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कोंडणं हा गुन्हा. त्यावर जाडजाड पुस्तकं लिहिली, सगळ्या डॉक्टरांशी वैर घेतलं. लग्नही केलं नाही. सासूबाई म्हणतात, "लग्नात दार लावून घ्यावं लागतं ना, तिथेच अडलं त्याचं."

आता खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चालतात. सांभाळायला कोण? आम्ही.

आले त्याच दिवशी ह्यांच्याकडून सगळ्या खोल्यांच्या कड्या काढून घेतल्या. हे लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला आहेत. पाना, स्क्रू-ड्रायव्हर हातातच असतो आणि मामांपुढे तोंडातून शब्द फुटत नाही. न्हाणीघराची कडी तेवढी मी भांडून वाचवली. वाऱ्याने दारं आपटू नयेत म्हणून मामांनी स्वतःच्या पुस्तकाची एकेक प्रत प्रत्येक दाराखाली सरकवली. म्हणाले, "इतकी वर्षं पडून होतं, आज कुणाच्या तरी उपयोगी पडलं."

बबडी आमची चार महिन्यांची. जरा डोळा लागला की वाऱ्याने उठते. पण सांगायचं कोणाला? मामांना सांगितलं तर विचारतात, "तुला काय वाटतं, काय करावं?" अहो, मला काय वाटायचंय, दार लावावं!

डायरी ह्यांच्या कंपनीची, गेल्या वर्षीची. छापलेले वार चुकीचे आहेत. मी शाळा आठवीत सोडली, पण अक्षर बरं आहे माझं.

६ फेब्रुवारी

आज सकाळपासून सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. सुरी सापडेना. मोठी नाही, छोटी नाही, कात्रीही नाही.

"अगं पाय फुटले का त्यांना?"

मी म्हटलं, सालांबरोबर कचऱ्यात गेली असेल.

"तिन्ही? एकमेकींचा हात धरून?"

ह्यांनी कांदा मुठीने फोडून खाल्ला आणि म्हणाले, असाच गोड लागतो. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

शिवाय बबडीची आंघोळ. माझं मनगट दुखतं म्हणून मी सासूबाईंना घालायला सांगते. तीन आठवडे झाले असतील. आज म्हणाल्या, "मनगट दाखवून तरी ये कोणाला. पोळपाट-लाटण्याला दुखत नाही, बादलीला दुखत नाही, लेकीलाच बरं दुखतं!" मामा तिथेच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत वर केलं. काही बोलले असते तर मी दोन शब्द सुनावले तरी असते. नुसतं बघायचं! ह्या माणसाचा वीट आलाय.

७ फेब्रुवारी

मामांच्या ताटलीत सफरचंदाचे काप होते. सासूबाई म्हणाल्या, "दादा, हे कशाने कापलंस?"

"दातांनी."

दातांनी असे सरळ काप होतात होय? म्हातारा नाटकी आहे एक नंबरचा. मी जास्त विचारलं नाही. सुरीचा विषय निघायला नको.

९ फेब्रुवारी

नवीन कटकट. मामा सकाळी उठले की खुर्ची घेऊन गॅलरीच्या दारात बसतात. बरोबर मधोमध, पुढ्यात वॉकर आडवा. जेवायला उठतात, मी आत गेले की परत तिथेच. का, तर म्हणे ऊन खायला. आमची गॅलरी उत्तरेला! तिथे ऊन कुठलं यायला?

सासूबाई चिडल्या. "कपडे कुठे वाळत घालायचे आम्ही? तुझ्या डोक्यावर?"

"घाल की."

ह्यांना हसू आलं. म्हणाले, "आमच्या लिफ्टसारखं झालं. दारात माणूस उभा असला की जागची हलत नाही. बटणं दाबत बसा."

मला काय, मी गॅलरीत जातच नाही. कपडे हल्ली घरातच दोरीवर टाकते, कुबट वास येतो तरी. पण माणसाच्या बोलण्याचालण्याला काही धरबंध? सासूबाई सांगत होत्या, मामांचा दवाखाना चपलांच्या दुकानाच्या वरती होता. तिथे येणाऱ्याची खुर्ची दाराजवळ, मामांची आत भिंतीला. दार सताड उघडं. "जाणाऱ्याला मला ओलांडून जावं लागता कामा नये," हा त्यांचा नियम. माणसं मधेच उठून जायची, दोन दिवसांनी परत यायची. खाली चपला घ्यायला आलेले वर येऊन मनातलं सांगून जायचे आणि चपला विसरायचे. सासूबाई त्यांना डबा घेऊन जायच्या तेव्हाचं सगळं सांगतात.

असा नियमवाला माणूस, आणि आता बघा. आख्खं दार अडवून बसलाय.

१३ फेब्रुवारी

आज मामांकडे दोघं-तिघं कॉलेजची मुलं-मुली आली होती. त्यांच्यासाठी चहा टाकला. मामांचा आवाज चढला होता. मी चहा गाळता गाळता ऐकत होते.

मामा म्हणाले, "आजार शरीराला होतो. मूत्रपिंड बिघडतं, ते कापून दाखवता येतं. मन कापून दाखवा मला. माणसाला अडचणी असतात, दुःख असतं, भीती असते. तुम्ही त्याला एक नाव चिकटवता आणि त्या नावाला कुलूप घालता. जगात एकही वेडा नाही. मी शोधून दमलो."

माझ्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. एकही वेडा नाही. आणि हे सांगणारा कोण, तर ज्याने जन्मभर तेच पाहिलं तो माणूस.

चहा देऊन आले आणि बबडीला पाळण्यातून उचललं. किती दिवसांनी मी तिच्या पोटात तोंड घालून फुर्र केलं. ती खिदळली. सासूबाई म्हणाल्या, "मनगट बरं झालं वाटतं." मी म्हटलं, झालं.

आज भात दोनदा घेतला.

१४ फेब्रुवारी

आंघोळ मी घातली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, तरी मी घातली.

१६ फेब्रुवारी

नको होतं ऐकायला. ती मुलं पुन्हा आली. मला काय गरज होती कान देऊन उभं राहायची!

एका मुलाने विचारलं, "पण सर, एखाद्याच्या हातून भयंकर काही घडलं तर? आजाराने घडलं असं नाही का म्हणायचं?"

मामांनी खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली. "अजिबात नाही! आजार काही करत नाही. माणूस करतो. जे करतो ते त्याचं असतं. ते त्याच्याकडून काढून घेतलंत तर त्याचं माणूसपण काढून घेतलंत."

मुलं भराभरा लिहून घेत होती.

म्हणजे परवा मी उगाच नाचले. आजार नाही, म्हणजे मी वेडी नाही, इतकंच मी धरलं होतं. पण आजार नाही तर मग हे कोणाचं? माझंच.

हे मी लिहिणार नव्हते. पण डोकं फुटायची वेळ आलीय.

बबडी दोन महिन्यांची असताना तिला घेऊन गॅलरीत उभी होते. एकदम डोक्यात आलं, हात सोडला तर? तिसरा मजला. बस, एवढंच. पण चित्र दिसलं, तिच्या टोपड्यासकट. मी आत पळाले. तेव्हापासून कधीही येतं. सुरी दिसली की येतं. बादली दिसली की येतं. उशी दिसली तरी येतं. मला ते नको असतं हो. माझी लेक आहे ती, तिला खरचटलं तरी माझा जीव जातो. म्हणून सुऱ्या, कात्री सगळं मामांच्या पुस्तकांच्या खोक्यात तळाशी घातलं. ती पुस्तकं कोण उघडतंय!

सांगू कोणाला? ह्यांना सांगितलं तर तोंडचं पाणी पळेल. सासूबाईंना सांगितलं तर लेक माझ्या हातात देणार नाहीत. दवाखान्यात सांगितलं तर ठेवून घेतील. आणि मामांना सांगितलं तर म्हणतील, जे आहे ते तुझंच आहे.

१९ फेब्रुवारी

एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मामांच्या जुन्या विद्यार्थिनी. आता मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचा विभाग त्या बघतात. मामांनी राजीनामा तोंडावर फेकून सोडला तोच दवाखाना. सासूबाई म्हणतात, तिथल्या खोल्यांच्या दारांना आतून मूठच नव्हती. मामा मूठ बसवा म्हणून अर्ज करत राहिले, वरचे उद्या बघू म्हणत राहिले. शेवटी मामा उठले आणि निघाले. परत त्या रस्त्यालाही गेले नाहीत.

बाई बसल्या नाहीत तोच जुंपली.

"अजून वाटतेस का गोळ्या?"

"ज्यांना उपयोग होतो त्यांना देते, सर."

"उपयोग! आणि ज्यांना नको त्यांना?"

"सर, एक माणूस रेल्वेच्या पुलावर चढला होता. आम्ही त्याला चार दिवस ठेवून घेतलं. परवा मुलाला खांद्यावर घेऊन मला भेटायला आला. तुम्ही काय केलं असतंत? पुलाखाली खुर्ची टाकून बसला असतात?"

"वर जाऊन बसलो असतो. त्याच्या शेजारी."

"आणि त्याने उडी मारली असती तर?"

मामांनी वॉकर जवळ ओढला. मग म्हणाले, "तू जा आता."

"घालवताय?"

"मी कोणाला घालवत नाही. दार उघडं आहे."

"ते तर नेहमीच असतं," म्हणून त्या हसल्या आणि चहाचा कप ठेवायला आत आल्या. बबडीला घेऊ का म्हणाल्या. मी दिली. त्या म्हणाल्या, "किती पटकन दिलीस गं." मी काहीतरी कामाचं कारण काढलं. त्या बबडीशी खेळत होत्या पण बघत माझ्याकडे होत्या. निघताना म्हणाल्या, "झोप होते का तुझी?" मी म्हटलं, होते. म्हणाल्या, "नाही झाली तर ये. मी दुपारी असतेच."

ये म्हणे. आणि मग जाऊ कोण देणार?

२२ फेब्रुवारी

सासूबाईंच्या बहिणीला पक्षाघात झाला. उद्या सकाळी त्या जाणार, आठवडा तरी लागेल म्हणाल्या. हे दिवसभर कामावर. म्हणजे घरात मी, बबडी आणि खुबा मोडलेले मामा.

सासूबाई पिशवी भरता भरता सूचनांचा पाढा वाचत होत्या. मला एकही शब्द कळला नाही. मी त्यांच्या पिशवीतल्या साड्या परत परत घडी करत होते. शेवटी म्हणाल्या, "अगं सोड ती साडी, मरायला निघाल्यासारखी काय धरून बसलीस!"

२३ फेब्रुवारी

आज फार झालं. नीट आठवून लिहिते.

सासूबाई गेल्या, हे गेले. मी जुन्या डब्यातून एक कडी शोधून काढली. मामांच्या खोलीत गेले, ते अजून पलंगावरच बसले होते. बबडीला त्यांच्या पलंगावर ठेवलं. म्हटलं, "मामा, आज हिला तुमच्याजवळ ठेवा. मी दूध काढून वाटीत ठेवलंय. ही कडी तुमच्या दाराला आतून लावून देते. संध्याकाळी हे येईपर्यंत उघडू नका. मी मागितली तरी देऊ नका तिला."

मामा इतके लाल झाले! "कडी? माझ्या दाराला? मी जन्मात..."

"आजच्या दिवस हो!"

"एक दिवस म्हणूनच सगळी कुलपं लागतात. कोणाला बाहेर ठेवायचंय?"

"मला."

मग सांगितलं. उभ्या उभ्या, जमिनीकडे बघत. गॅलरी, बादली, उशी, सगळं. बबडी स्वतःचा अंगठा चोखत होती.

मामांनी बबडीवरचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाले, "ती दाराजवळची खुर्ची घे. बस."

मी बसले. मला वाटलं आता काहीतरी सांगतील. आणि काय काढलं त्यांनी? "हे बघ, पहिली गोष्ट, हा आजार नाही..."

माझ्या अंगाचा भडका उडाला. मी अशी कधी कोणावर ओरडले नाही. सासऱ्याच्या ठिकाणचा माणूस, पण मी ओरडले. "आजार नाही, आजार नाही! ऐकून ऐकून कान किटले माझे! मग काय आहे ते सांगा ना! तुमच्या पुस्तकात नसलं तर नाही म्हणून सांगा! सगळी दारं उघडी ठेवलीत तुम्ही, पण मी जाऊ कुठे? कुठेही गेले तरी हे डोकं बरोबर येतंय माझ्या!"

बबडी दचकून रडायला लागली. मी हात पुढे केले आणि मागे घेतले. मामांनी तिला मांडीवर घेतलं, त्यांना काही ते नीट जमेना. मान धरायची असते तेही माहीत नाही. मी म्हटलं, "मान! मान धरा तिची!" आणि उठून मीच घेतली. ती गप्प झाली.

मामा म्हणाले, "सुऱ्या मला सापडल्या होत्या. पुस्तक काढायला गेलो तेव्हाच."

"आणि तुम्ही विचारलं नाही?"

"तुझं होतं ते. तू सांगशील तेव्हा सांगशील. माणसाच्या मनात न बोलावता शिरायचं नाही, हा माझा..."

"आग लागो तुमच्या नियमाला! दोन आठवडे मी जळतेय, आणि तुम्ही माझ्याच सुरीने सफरचंद खाताय?"

मामांनी मान खाली घातली. म्हातारपणी माणूस एवढासा दिसतो. मग म्हणाले, "माझ्याकडे अशा आया यायच्या. पुष्कळ यायच्या. डोक्यात नको ते यायचं त्यांच्या, घाबरून अर्ध्या झालेल्या असायच्या. त्यांच्यातल्या एकीनेही लेकराला नख लावलं नाही. जिला नको असतं तिलाच भीती वाटते."

"मग हे आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, तुला ते माहीत असेल."

मला कसं माहीत असणार! आठवीत शिकवतात का?

मी विचारलं, "त्यांचं पुढे काय झालं?"

"काही जणी बोलून मोकळ्या झाल्या. काही जणींचं... वर्षं गेली त्यात. मी गोळ्या देत नसे."

"मला वर्षं नाही घालवायची. मला झोप हवीय. मला ती गोळी हवीय."

"कोणी सांगितलं म्हणून? की तुला हवीय?"

"मला! मला हवीय! अजून किती मोठ्याने सांगू?"

"मग चल," म्हणाले.

"ते ठेवून घेतील मला."

मामा वॉकर धरून उठले. उठताना चेहरा वेडावाकडा झाला दुखण्याने. "दारात मी बसतो," म्हणाले. "बघू कोण लावतंय."

२४ फेब्रुवारी

कालचं राहिलेलं लिहिते.

टॅक्सीवाला म्हणाला, कुठला दरवाजा? मामा म्हणाले, ज्यातून बाहेर येता येतं तो. टॅक्सीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुढचा.

आत जिना चढायला मामांना जमेना, लिफ्टने गेलो. लिफ्टवर ह्यांच्या कंपनीचं नाव. बरं वाटलं, ओळखीचं कोणीतरी आहे असं. वर मोठी ओसरी, बाकं, माणसं. मामांनी काय करावं? पहिल्याच खोलीचं दार आतून तपासायला लागले. मूठ होती. खाली दाबली, वर केली, खाली, वर. शिपाई आला, "आजोबा, मोडेल ती! वॉर्ड कुठला तुमचा?"

"माझा नाही. हिचा."

"मग तुम्हाला कशाला मूठ हवी?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मामांना बघून त्या थबकल्याच. मामा म्हणाले, "मूठ बसवली."

"बसवून बरीच वर्षं झाली, सर. तुम्ही कधी बघायलाच आला नाहीत."

मामांनी मूठ आणखी एकदा दाबून पाहिली, हळूच.

मी आत गेले, बबडीला घेऊन. मामांनी बाकड्याजवळची एक खुर्ची शिपायाकडून ओढून घेतली आणि दारात मांडली. बाई म्हणाल्या, सर, दार लावू या का, तिला मोकळं बोलता येईल. मामा म्हणाले, "तिला विचार." बाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, असू दे उघडं. मग मामांनी आमच्याकडे पाठ केली, दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तसेच बसून राहिले. येणारेजाणारे बघत होते. एक बाई त्यांच्या मांडीवर बिस्किट ठेवून गेली.

मी सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला सोपं जातं. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं नाही, ह्याचंच मला नवल वाटलं. त्यांनी ह्याला एक नाव असतं म्हणून सांगितलं. नाव मोठं आहे, मला लिहिता येणार नाही. दारातून आवाज आला, "नाव द्यायलाच हवं का?"

"सर, तुम्ही कान झाकलेत ना?"

"एकच."

पण मला ते नाव ऐकून रडू आलं, बरं वाटून. नाव आहे म्हणजे दुसऱ्या बायकांनाही होत असणार. माझ्या एकटीसाठी कोण नाव ठेवायला बसलंय? मामांना हे कळणार नाही. त्यांना नाव म्हटलं की कुलूप दिसतं.

बाई म्हणाल्या, डोक्यात येणं वेगळं आणि हातून होणं वेगळं. दूध पाजताना चालतील अशा गोळ्या देते, लगेच फरक पडणार नाही, धीर धरायचा. नवऱ्याला आजच सांगायचं, सासूबाईंना त्या आल्या की. ठेवून घ्यायची काही गरज नाही. घरी जा.

घरी जा म्हणाल्या! मी उठले, तर दारात मामा. मी म्हटलं, "मामा, सरका, मला जायचंय." ते इतक्या घाईने उठले की वॉकर आधी बाहेर गेला आणि मामा मागे राहिले.

टॅक्सीत विचारतात, "नाव दिलं तिने?"

"दिलं."

"गोळी?"

"दिली."

"घेणार?"

"घेणार."

"हं." मग पुढच्या सिग्नलला, "उद्या नकोशी वाटली तर?"

"तर त्यांना विचारेन."

"मला नाही?"

"तुम्ही काय, तुला काय वाटतं म्हणाल."

टॅक्सीवाला हसला. मामा खिडकीतून बाहेर बघत बसले, हातात बिस्किट.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे ऐकताना हातातला पाना पुसत होते, पुसून पुसून चकचकीत केला. मला वाटलं, आता गेलं सगळं. मग म्हणाले, "म्हणून कांदा." मी म्हटलं, काय? "मला वाटलं तुझं आणि आईचं काहीतरी भांडण चाललंय, मधे कशाला पडा. म्हणून कांदा हाताने फोडत होतो." आणि त्यांना रडू आलं. मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं. ह्या घरात आजारी कोण आहे तेच कळत नाही.

२ मार्च

सासूबाई परतल्या. मी त्यांना स्वतः सांगितलं, बाईंनी सांगितलं होतं तसं. त्या ऐकता ऐकता पदराने बबडीचं तोंड पुसत राहिल्या, तोंड स्वच्छ होतं तरी. मग म्हणाल्या, "ह्याच्या वेळी माझ्याही डोक्यात यायचं काय काय. मी विहिरीकडे जायची बंद झाले होते. कोणाला बोलले नाही कधी." आणि उठून भाजी निवडायला बसल्या, काही घडलंच नाही अशा.

सुऱ्या मी खोक्यातून काढून दिल्या. म्हणाल्या, "चला, दादाच्या पुस्तकांतून एकदाचं काहीतरी धारदार निघालं." मामा आतून ओरडले, "ऐकू येतंय मला!" दार उघडंच आहे ना.

९ मार्च

गोळीने तोंड कोरडं पडतं. डोक्यात अजून येतं. काल बादलीपाशी आलं. पण आलं तसं गेलं, मी आंघोळ पुरी घातली. मामांनी विचारलं, "कशी आहेस?" मी म्हटलं, "बरी." म्हणाले, "गोळीने की बोलल्याने?" मी म्हटलं, "झोपेने. आता मला पीठ मळू द्या."

वाद घालायला माणूस मिळाला नाही की त्यांना जेवण जात नाही. आज डॉक्टरीणबाईंना बोलावलंय भांडायला.

१८ मार्च

आज सकाळी मामा गॅलरीच्या दारातून उठले. खुर्ची ओढत ओढत आत नेली, आपल्या खोलीत, भिंतीला लावली. मी विचारलं, "का हो, आज ऊन नको?"

"पुरे झालं ऊन."

"कसलं ऊन! इथे ऊन येतच नाही, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय."

"हो का?" म्हणाले. "मला कोणी बोललंच नाही."

ह्या माणसापुढे मी हात टेकले. इतके दिवस दार अडवून बसले, सगळ्यांचे कपडे कुबट करून ठेवले, आणि वर हे.

रस्ता मोकळा झाला तशी बबडीला कडेवर घेतलं आणि गॅलरीत जाऊन सगळी दुपटी वाळत घातली. वारा बरा होता.